एकाच भिंतीचे दोन रंग

चहा हातात असेल तर आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगताना आमच्या साडूंनी माझ्याच शर्टावर चहा उडवला, आणि हसण्याच्या भरात 'सॉरी' म्हणायचंही त्यांना सुचलं नाही. शिकल्या-सवरल्या माणसाने आपल्या शिक्षणाचा उपयोग निदान स्वतःच्या सोसायटीत तरी करू नये, हे मला कसं कळलं, त्याची ही हकिगत.

मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. विषय इमेज प्रोसेसिंग. म्हणजे फोटोत काय आहे ते कॉम्प्युटरला समजावून सांगणे. हा विषय असा आहे की घरीदारी त्याचा काडीचा उपयोग नाही. फिजिक्सवाल्याला लोक निदान फ्यूज का उडाला ते विचारतात. केमिस्ट्रीवाल्याला हळदीचा डाग कसा काढायचा ते विचारतात. मला आजवर एकदाच कोणीतरी विचारलं होतं, पासपोर्टच्या फोटोत दोन्ही कान दिसायला हवेत का. मला तेही माहीत नव्हतं.

अशा उपाशी माणसासमोर एकदम ताट आलं की तो हात धुवायलाही थांबत नाही. माझं ताट म्हणजे आमच्या इमारतीची पुढची भिंत.

नाशिक रोडला आमची चार मजली इमारत आहे. दोन जिने. पहिल्या जिन्यात चेअरमन निकम अण्णा राहतात, सरकारी खात्यातून रिटायर झालेले. आम्हीही त्याच जिन्यात. दुसऱ्या जिन्यात आहेर काका, मूळचे सटाण्याकडचे, शाळेत पी.टी. शिकवायचे. हे दोघे सख्ख्या भावांसारखे. रोज सकाळी बरोबर फिरायला जाणार, टपरीवर एक चहा दोघांत घेणार, आणि पेपरातल्या एकाच बातमीवरून भांडत परत येणार. अण्णांच्या मुलीचं, पल्लवीचं, लग्न आहेर काकांनीच जुळवलेलं. साखरपुडा आमच्याच पार्किंगमध्ये मांडव घालून करायचा ठरला, आणि पाहुणे येणार म्हणून इमारतीला रंग द्यायचंही ठरलं.

रंग ठरवायला किती मीटिंगा झाल्या ते विचारू नका. शेवटी 'मोतिया' रंगावर सगळ्यांचं एकमत झालं, कारण मोतिया म्हणजे नक्की कोणता रंग हे कोणालाच माहीत नव्हतं.

काम बाळू पेंटरने घेतलं. दिंडोरीकडचा माणूस, कमी बोलणारा, पण कामाचा चोख. गच्चीवरून दोराचा झुला सोडायचा, त्या फळीवर बसायचा आणि मोबाईलवर भजनं लावून रंग मारत खाली खाली यायचा. भिंत झाली. छान झाली. सगळे खूश झाले.

इथेच किस्सा संपायला हवा होता, नाही का?

एका सकाळी मी कॉलेजला निघालो होतो. आहेर काका आणि अण्णा फिरून येऊन गेटपाशी उभे होते, दोघेही वर बघत.

काका म्हणाले, "सर, तुम्ही सांगा. दुसऱ्या जिन्याकडचा रंग जरा मळका वाटतो का हो?"

अण्णा म्हणाले, "ह्यांना चष्मा बदलायला सांगतोय मी कधीचा."

दोघेही हसत होते. मी नुसतं हसून गाडीला किक मारली असती तरी चाललं असतं. पण मी गाडी स्टँडला लावली.

"डोळ्यांवर कशाला विसंबायचं काका?" मी म्हणालो. "डोळा फसतो. ह्याची शास्त्रीय पद्धत आहे."

बघा, 'शास्त्रीय' म्हटलं की दोन माणसं लगेच गंभीर होतात आणि तिसरा, म्हणजे बोलणारा, स्वतःच्या प्रेमात पडतो.

मी त्यांना गेटवरच समजावलं. फोटो म्हणजे लाखो बारीक ठिपके. कॉम्प्युटर एकेक ठिपका उचलतो, तो किती उजळ ते बघतो आणि त्याच्या जागेवर ठेवतो. काळपट ठिपके एका टोकाला, उजळ दुसऱ्या टोकाला, बाकीचे आपापल्या जागी. एका जागी जितके ठिपके, तितकी रास उंच. ह्या राशींच्या आलेखाला हिस्टोग्राम म्हणतात. आता फोटोत दोन वेगळे रंग असतील तर काय होईल? दोन मोठ्या राशी पडतील आणि मध्ये खळगा राहील. कॉम्प्युटर त्या खळग्यात सुरी घालतो. सुरीच्या अलीकडचे ठिपके एक भाग, पलीकडचे दुसरा भाग. झाले फोटोचे दोन तुकडे.

"म्हणजे कांदा निवडतो तसं," काका म्हणाले. "हलका एकीकडे, भारी एकीकडे."

"अगदी तसंच."

"आणि सगळाच कांदा सारखा असला तर?"

आता हा प्रश्न मी दर वर्षी परीक्षेत विचारतो. रास एकच असेल तर ही पद्धत लावू नये, कारण दोन भाग कर म्हटलं की प्रोग्रॅम दोन भाग करतोच. खळगा सापडला नाही तर एकाच ढिगाच्या मधोमध सुरी घालून मोकळा होतो. हे ज्याने उत्तरात लिहिलं नाही त्याचे मी मार्क कापतो. पण त्या सकाळी मला कॉलेजला उशीर होत होता.

"ते बघता येईल," मी म्हणालो, आणि समोरच्या फुटपाथवरून भिंतीचा फोटो काढला.

कॉलेजात दोन तासांच्या मधल्या सुट्टीत तो प्रोग्रॅममध्ये घातला. निकाल आला तो बघून मी खुर्चीत ताठ बसलो. भिंतीचे स्वच्छ दोन भाग पडले होते. पहिल्या जिन्याची बाजू उजळ, दुसऱ्या जिन्याची गडद. काकांची शंका खरी. माझी पद्धत खरी. लोकांना नीट कळावं म्हणून मी उजळ भागाला पिवळा रंग दिला आणि गडद भागाला लाल. लालच का? तर प्रोग्रॅमच्या रंगांच्या यादीत तो पहिला होता म्हणून. आणि ते चित्र मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, 'भिंतीचे शास्त्रीय विश्लेषण'.

संध्याकाळी घरी आलो तर बायको, संध्या, दारातच उभी.

"अहो, काय टाकलंत ग्रुपवर? दुसऱ्या जिन्यातल्या बायका खाली जमल्यात. आमच्या घरांवर लाल आलंय म्हणतात."

"अगं, लाल म्हणजे नुसती खूण आहे."

"ते खाली जाऊन सांगा."

खाली गेलो. खूण आहे हे सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आहेर काका आले. काका एरवी आपल्यासारखंच बोलतात, पण संतापले की थेट सटाण्याच्या अहिराणीला पोचतात.

"सर, हाई काय शे?" त्यांनी मोबाईल माझ्या नाकापुढे धरला. "मना घरवर लाल, आणि चेअरमनना घरवर पिवळं?"

चेअरमन हा शब्द ऐकून मी दचकलो. सकाळपर्यंत ते 'अण्णा' होते.

कोणीतरी म्हणालं, चेअरमनच्या बाजूला चांगला रंग मारला, आपल्या बाजूला पाणी घालून मारला. दुसरं कोणी म्हणालं, मला तेव्हाच वाटलं होतं. मला तर कधीच कळलेलं नाही की हे 'तेव्हाच वाटलेले' लोक तेव्हा कुठे असतात.

बाळूला बोलावलं. तो झुल्याचे दोर खांद्यावर टाकूनच आला.

"सर, एकाच डब्यातला रंग हाय," तो म्हणाला. "हात बी एकच हाय."

"पण कॉम्प्युटरमध्ये आलंय ना," पगारे मॅडम म्हणाल्या. त्या सोसायटीच्या सेक्रेटरी.

बाळूने माझ्याकडे पाहिलं. मी मान वळवून भिंतीकडे पाहिलं. काय करणार? कॉम्प्युटरमध्ये आलं होतंच.

बाळू दुसऱ्या दिवशी पुन्हा झुल्यावर चढला आणि दुसऱ्या जिन्याकडची सगळी बाजू त्याने नव्याने रंगवली. भजनं मात्र लावली नाहीत.

काम झाल्यावर पगारे मॅडम म्हणाल्या, "सर, आता परत एकदा तपासून द्या, म्हणजे वाद मिटेल." मी आनंदाने तयार झालो. ह्या वेळी कॉलेजातून आल्यावर संध्याकाळी फोटो काढला. प्रोग्रॅममध्ये घातला. उलटं आलं. दुसरा जिना पिवळा आणि पहिला लाल.

कारण आता तुम्हालाही कळलं असेल. सकाळी ऊन एका बाजूने येतं, संध्याकाळी दुसऱ्या बाजूने. भिंत तीच, रंग तोच, एका बाजूला जरा जास्त उजेड. एकच ढीग. आणि माझी सुरी दर वेळी त्या ढिगाच्या मधोमध. तुम्हाला लगेच कळलं. मला कळलं नाही, कारण मी तज्ज्ञ होतो. मला वाटलं, बाळूने ह्या वेळी दुसऱ्या बाजूला जास्तच चांगला रंग मारला.

आणि मी तेही चित्र ग्रुपवर टाकलं.

आता पहिला जिना पेटला. निकम अण्णा कधी आवाज चढवत नाहीत. ते अर्जाच्या भाषेत बोलायला लागतात. त्यांनी ग्रुपवर लिहिलं, 'सदर प्रकरणी पहिल्या जिन्यातील रहिवाशांवर अन्याय झाल्याचे शास्त्रीय विश्लेषणावरून स्पष्ट होत आहे.' दुसऱ्या जिन्याने त्यावर हसणारे चेहरे टाकले. बाळूला पुन्हा बोलावलं. त्याने पहिली बाजू रंगवली. मी पुन्हा फोटो काढला, त्या वेळी आकाश ढगाळ होतं. त्या फोटोत वरचे दोन मजले लाल आले.

असं करत करत सोसायटीत एकही घर उरलं नाही ज्याच्यावर कधी ना कधी लाल आलं नव्हतं. पिशवी घेऊन भाजीला निघालेले लोक मला थांबवून विचारायचे, "सर, आज आमच्याकडे काय आहे?" जणू मी हवामान खात्यात होतो. खरं सांगू? पहिले काही दिवस मला बरं वाटलं. इतकी वर्षं शिकवतोय, पण विद्यार्थ्यांनी कधी एवढ्या आतुरतेने निकाल विचारला नव्हता.

मग एका सकाळी मी बाल्कनीतून पाहिलं. अण्णा गेटमधून बाहेर पडले आणि उजवीकडे वळले. थोड्या वेळाने आहेर काका बाहेर पडले आणि डावीकडे वळले. टपरीवाल्याने कोणाला अर्धा चहा द्यायचा, देव जाणे.

त्याच दिवशी पल्लवी आमच्याकडे आली. डोळे सुजलेले.

"सर, आहेर काका साखरपुड्याला येणार नाही म्हणतात. दुसऱ्या जिन्यातलं कोणीच येणार नाही. आई म्हणते, ज्यांनी लग्न जुळवलं तेच नाहीत, तर तिकडच्या लोकांना काय सांगायचं? आणि झुला अजून तसाच लटकतोय. बाळू म्हणतो, शेवटचा निकाल लागल्याशिवाय काढत नाही."

ती गेल्यावर संध्या माझ्यासमोर येऊन बसली. मग म्हणाली, "मला एक सांगा. तुमच्या ह्या प्रोग्रॅमने आजपर्यंत कधी 'सगळं एकसारखं आहे' असं उत्तर दिलंय?"

'रास एकच असेल तर ही पद्धत लावू नये', हे वर्गात दर वर्षी फळ्यावर लिहिलेलं वाक्य माझ्या डोळ्यांपुढे आलं. मी सगळे फोटो पुन्हा उघडून बघितले. एकाच्याही हिस्टोग्राममध्ये खळगा नव्हता.

पगारे मॅडमना सांगून सर्वसाधारण सभा बोलवली. संध्याकाळी, पार्किंगमध्ये. कॉलेजातून प्रोजेक्टर आणला. पडदा नव्हता म्हणून संध्याने एक नवी पांढरी चादर दोन खांबांच्या मध्ये बांधली. पहिला जिना एका बाजूला बसला, दुसरा दुसऱ्या बाजूला, मध्ये स्कूटर जाईल एवढी वाट. बाळू मागे भिंतीला टेकून उभा.

मी उभा राहिलो. म्हणालो, "मंडळी, भिंतीचा रंग एकच आहे. बाळूची काही चूक नाही. चूक माझी आहे. ह्या प्रोग्रॅमला काहीही दाखवलं तरी तो दोन भाग करतो. हे मला माहीत होतं आणि मी ते विसरलो."

मला वाटलं, झालं, मिटलं.

पगारे मॅडमनी अगदी हळू आवाजात विचारलं, "सर, तुमच्यावर कोणी दबाव आणलाय का?"

"नाही हो. कोण आणणार?"

"तुम्ही पहिल्या जिन्यात राहता," दुसऱ्या बाजूने कोणीतरी म्हणालं.

"सदर खुलासा," निकम अण्णा म्हणाले, "नेमका आमच्या बाजूचं लाल सिद्ध झाल्यानंतरच का आला, हेही पाहावं लागेल."

म्हणजे आलं का लक्षात? कॉम्प्युटर चुकीचं बोलत होता तेव्हा एकानेही शंका घेतली नाही. मी खरं बोलायला लागलो तर दोन्ही जिन्यांना माझी शंका यायला लागली.

मी म्हणालो, "ठीक आहे. ही समोरची चादर. पांढरी, कोरी. हिचा फोटो काढतो." काढला. प्रोग्रॅममध्ये घातला. चादरीवरच चादरीचं चित्र उमटलं. अर्धी पिवळी, अर्धी लाल.

"बघा," मी विजयाने म्हणालो. "आता चादर काय दोन रंगांची आहे?"

लोक पुढे वाकून चादर न्याहाळायला लागले.

"कुठून आणली?" एका वहिनींनी संध्याला विचारलं.

"मेन रोडवरून. कालच."

"तिथे असंच करतात. बदलून आणा."

मी कपाळाला हात लावला. माझ्याच विषयाविरुद्ध मी वकिली करत होतो आणि हरत होतो. तेव्हा संध्या उठली. तिने माझ्या हातातला मोबाईल घेतला आणि म्हणाली, "चादरीचं राहू द्या. तुम्ही उभे राहा चादरीपुढे. तुम्हाला तरी सगळे ओळखतात."

मी उभा राहिलो. माझा वर्ण गोरा, डोक्यावर केस नाहीत, समोर प्रोजेक्टरचा झोत, मागे पांढरी चादर. अंगात निळा शर्ट, काळ्या फ्रेमचा चष्मा, काळीभोर मिशी. एवढं सांगितलं की पुढचं माझ्या कोणत्याही नापास विद्यार्थ्यालाही सांगता येईल. कपाळ, टक्कल, गाल, सगळं उजळ. चादरही उजळ. सुरी पडली ती नेमकी माझ्या गळ्याखाली.

चित्र उमटलं. सगळा पडदा पिवळा. त्यावर एक लाल शर्ट. शर्टाच्या वर हवेत एक लाल चष्मा. चष्म्याखाली, कशालाच न चिकटलेली, एक मिशी. मध्ये काही नाही. डोकं नावाची वस्तू कॉम्प्युटरने चादरीत जमा केली होती.

मग आहेर काका उठले, पडद्याजवळ गेले, चित्र नीट पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा चित्राकडे पाहिलं. आणि मधली वाट ओलांडून थेट निकम अण्णांकडे वळून म्हणाले,

"अण्णा, यंत्र खरं बोलस. सरले डोकंच नही."

अण्णांनी ओठ दाबून धरले. खांदे हलायला लागले. अर्जाची भाषा शोधत होते बहुतेक, पण सापडली नाही. ते जे हसायला लागले, ते काकांच्या खांद्यावर हात ठेवूनच थांबले. मग दोन्ही जिने हसले. पगारे मॅडम डोळे पुसत हसल्या. मागे बाळूही हसला, आणि त्याला हसताना पाहून मला सगळ्यात जास्त हायसं वाटलं. मी मात्र चादरीपुढे तसाच उभा होतो, कारण संध्या म्हणाली होती, अजून एक काढते.

साखरपुडा झकास झाला. आहेर काकांनी फेटा बांधून पाहुण्यांचं स्वागत केलं, आणि प्रत्येक पाहुण्याला तो बिनडोक्याचा फोटो दाखवून मी कोण आहे ते सांगत होते. वराकडचे लोक माझ्याशी बोलताना सतत माझ्या चेहऱ्याच्या जरा बाजूला बघत होते, एवढंच.

झुला उतरवला त्या दिवशी मी बाळूला गाठलं. म्हणालो, "बाळू, माझ्यामुळे तुला एवढी भिंत पुन्हा पुन्हा रंगवायला लागली. राग धरू नकोस."

"राग नाय सर," तो दोर गुंडाळत म्हणाला. "पण एक काम होतं. तुमचा तो बिनडोक्याचा फोटो माझ्या मोबाईलवर टाका की."

मला जरा भरून आलं. म्हटलं, "आठवण म्हणून ठेवणार?"

"नाय," बाळू म्हणाला. "नवीन बिल्डिंगचं काम आलं की आधी फोटो दाखवतो. ईचारतो, तुमच्यात असं कोणी ऱ्हातं का? ऱ्हात असंल तर काम घेत नाय."